खरा टाको बेचव का लागला?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण सहा महिन्यांपूर्वी डॅलसला आलात, शाकाहारी आहात आणि टाको बेल या अमेरिकन साखळी उपाहारगृहातला घेवड्याचा (राजम्यासारख्या दाण्यांचा) बरितो, म्हणजे गव्हाच्या पातळ पोळीची सारण भरलेली गुंडाळी, व मांसाऐवजी घेवडा घालून घेतलेला क्रंचरॅप हा घडीचा पदार्थ आपल्याला मनापासून आवडतो. उत्तर मेक्सिकोतल्या मोंतेर्रे शहरातून आलेल्या आपल्या सहकाऱ्याने ‘ते मेक्सिकन नव्हेच’ असे म्हणून आपल्याला एका छोट्या टाकेरियात, म्हणजे टाकोच्या दुकानात, नेले. तिथे आपण भाज्यांचा टाको, म्हणजे सारण घालून दुमडलेली मक्याची छोटी पोळी, मागवला. ती पोळी, म्हणजे तोर्तिया, ओलसर आणि किंचित कच्ची वाटली, वर चीज नव्हते, सॉस नव्हता आणि दोन-तीन घासांत संपलेला तो पदार्थ बेचव लागला. साखळी उपाहारगृहांनी आपली जीभ बिघडवली आहे का, असे आता आपण विचारता.

माझ्या मते आपला खरा प्रश्न अस्सल काय आणि नक्कल काय हा नाही. जे आवडायला हवे असे सगळे सांगतात ते आपल्याला का आवडले नाही, हा आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी स्वयंपाकघरात सापडते. मी दक्षिण कॅलिफोर्नियात 19 वर्षे स्वयंपाकी म्हणून काम करतो आहे. पहिली 4 वर्षे मेक्सिकन पद्धतीच्या एका साखळी उपाहारगृहात गेली आणि त्यानंतरची बरीचशी मेक्सिकोतल्या पुएब्ला राज्यातून आलेल्या एका कुटुंबाच्या खानावळीत. दोन्हीकडचे ओटे मी पुसले आहेत, त्यामुळे एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला नावे ठेवणे मला जमणार नाही. एक गोष्ट मात्र आधीच मान्य करतो. आपण कोणत्या टाकेरियात गेलात, किती वाजता गेलात आणि तिथे तोर्तिया घरची होती की पुडक्यातली, हे मला ठाऊक नाही. पुडक्यातली तोर्तिया वाफेवर गरम करून दिली तर ती ओलसर आणि कच्चीच लागते. आपली तक्रार अगदी रास्त असण्याचाही संभव आहे, कारण अस्सल असणे आणि चांगले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी त्या कुरकुरीत टाकोची हकीकत सांगतो, कारण तो कोणा अमेरिकन कंपनीने हवेतून निर्माण केला असा सर्वसाधारण समज आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावात मितला कॅफे नावाचे एक मेक्सिकन कुटुंबाचे उपाहारगृह 1937 पासून आहे. तिथे तळलेल्या तोर्तियेत मांस, पिवळे चेडर चीज आणि चिरलेले लेट्यूस घालून टाको मिळत असे. रस्त्यापलीकडे ग्लेन बेल नावाच्या तरुणाचा हॉट डॉग आणि हॅम्बर्गरचा ठेला होता. समोरची गर्दी पाहून त्याने तो टाको शिकून घेतला आणि पुढे 1962 मध्ये डाउनी येथे टाको बेल सुरू केले. म्हणजे चेडर आणि लेट्यूसही प्रथम मेक्सिकन वंशाच्या माणसांनीच टाकोत घातले होते. गावात जे मिळत होते, त्यात त्यांनी आपला पदार्थ बसवला. बेलचा भर वेगावर होता. मेक्सिकोत टाको दोरादो म्हणून जो प्रकार आहे त्यात तोर्तियेत सारण भरून मग ती तळतात. साखळीत आधी कवच तळून रचून ठेवतात आणि गिऱ्हाईक आले की त्यात सारण भरतात. कवच असे घडी घालून तळण्याच्या साच्याचे पेटंट न्यूयॉर्कमधल्या हुवेन्सिओ माल्दोनादो या मेक्सिकन उपाहारगृहचालकाला 1950 मध्ये मिळालेले होते. भरून तळणे आणि तळून भरणे, एवढाच क्रम बदलला, पण त्या बदलातच चुलीवरचा पदार्थ आणि कारखान्यातला पदार्थ वेगळे झाले.

आपल्याकडच्या हॉटेलांतले ‘व्हेज कोल्हापुरी’ आठवून पाहा. कोल्हापूरच्या घरात ती लालभडक मिश्र भाजी शोधायला गेलात तर हाती तांबडा-पांढरा रस्सा लागेल. तरी त्या भाजीवर वाढलेली एक पिढी आहे आणि ती तिला आवडते, यात काही गैर नाही. फक्त ती खाऊन कोल्हापूर कळले असे म्हणू नये.

आता आपल्या सहकाऱ्याविषयी. त्याचे म्हणणे चवीच्या दृष्टीने बरोबर आहे, पण भूगोलाच्या दृष्टीने त्यात थोडी गंमत आहे. मेक्सिकोचा उत्तर भाग गव्हाचा आहे. सोनोरा, चिहुआहुआ आणि त्याचे स्वतःचे नुएव्हो लेओन या राज्यांत गव्हाच्या तोर्तिया पिढ्यान्‌पिढ्या खाल्ल्या जातात, त्यामुळे ‘गव्हाची तोर्तिया म्हणजे नक्कल’ हे दक्षिणेकडच्या माणसाचे मत झाले. सीमेवरच्या सिउदाद हुआरेस शहरात बरितो घराघरांत आणि गाड्यांवर मिळतो. तो मनगटाएवढा बारीक असतो आणि त्यात एखादेच सारण असते, कधी रस्सा आटवलेले मांस, कधी नुसता घोटलेला घेवडा. म्हणजे टाको बेलच्या सगळ्या फलकावर आपण जो बरितो निवडला, तो आपल्या सहकाऱ्याच्या उत्तर मेक्सिकोतील न्याहारीचा दूरचा का होईना, पण नातेवाईक आहे. तान्ह्या बाळाएवढा, भात-चीज-घेवडा सगळे पोटात घेतलेला बरितो मात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात 1960 च्या दशकात घडला, आणि स्टीव्ह एल्स यांनी 1993 मध्ये डेन्व्हरला चिपोत्ले ही साखळी सुरू केली ते तोच डोळ्यांसमोर ठेवून.

टाको बेलने मेक्सिकोत दोनदा नशीब अजमावले, 1992 मध्ये राजधानीत आणि 2007 मध्ये आपल्या सहकाऱ्याच्याच मोंतेर्रे परिसरात. दोन्ही वेळा गाशा गुंडाळावा लागला. दुसऱ्या खेपेला त्यांनी कडक कवचाच्या टाकोला ‘टाकोस्तादा’ असे नवे नावही दिले होते, कारण मेक्सिकन माणसाला तो टाको वाटेना.

इथवरचे सगळे नावांचे आणि नकाशाचे झाले, पण आपल्याला बेचव का लागले, हे त्यात आलेले नाही.

साखळीतला पदार्थ पूर्ण करूनच आपल्या हाती दिलेला असतो. मी जिथे काम करत होतो तिथे सारण पिशवीतून शिजवलेलेच येई. आम्ही ते गरम पाण्यात ठेवून तापवायचो, घेवडा कोरडा येई आणि त्यात उकळते पाणी ओतून तो फुलवायचो, चीज आणि आंबट साय ठरावीक मापाच्या चमच्या-पिचकारीने घालायचो. हेतू असा, की कोणत्याही शाखेत आणि कोणत्याही दिवशी पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत मीठ, स्निग्धता, आंबटपणा आणि कुरकुरीतपणा सारखाच लागावा. 2005 मध्ये आलेला क्रंचरॅप हा याचा कळस आहे. मऊ तोर्तियेची षटकोनी घडी, तिच्या आत तोस्तादा, म्हणजे कडक तळलेली तोर्तिया, खाली गरम चीज-सॉस आणि वर गार साय व लेट्यूस. त्याची रचना ज्याने केली त्याला पदार्थविज्ञान चांगले कळत असणार. तो मेक्सिकन नाही, पण तो आपल्याला आवडतो यात आपल्या जिभेचा काही दोष नाही.

टाकेरियातला टाको अर्धवट दिलेला असतो आणि उरलेला अर्धा आपण करायचा असतो, हे मात्र कोणी सांगत नाही. ताटलीसोबत कांदा-कोथिंबीर, लिंबाची फोड आणि बाजूच्या वाट्यांतल्या दोन-तीन साल्सा, म्हणजे पातळ चटण्या, येतात. आपल्याकडे पिठले-भाकरीच्या ताटात ठेचा आणि कांदा नसेल तर जेवण जसे अपुरे राहील, तसाच साल्सा न घातलेला टाको अपुरा राहतो. आपण साल्सा घातला होता की नाही, हे आपल्या प्रश्नात कुठेच आलेले नाही, आणि माझा संशय तिथेच आहे.

दुसरे कारण जिऱ्याचे आहे, आणि ते मराठी माणसाला विशेष लागू पडते. टेक्सासच्या मेक्सिकन पद्धतीच्या स्वयंपाकात जिरे सढळ हाताने पडते. विल्यम गेबहार्ट यांनी 1890 च्या दशकात टेक्सासमध्ये तयार मिरचीपूड विकायला काढली, आणि मिरचीत जिरे, ओरेगानो व लसूण घालून केलेली तशी पूड पुढे साखळ्यांच्या मसाल्याचा पाया झाली. त्यामुळे त्या घेवड्याचा पहिला घास घेताच आपल्या जिभेला ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटते. मध्य मेक्सिकोच्या स्वयंपाकात जिरे चिमूटभर पडते आणि कित्येक पदार्थांत तेवढेही नाही. तिथे चवीचा भार वाळलेल्या मिरच्या वाहतात, आणि त्या तिखटापेक्षा वासासाठी अधिक वापरतात. आंचो मनुकांसारखी गोडसर लागते, ग्वाहियो तांबडा रंग आणि किंचित आंबटपणा देते, चिपोत्ले म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो मिरची. भारतीय मंडळींचा मेक्सिकन पिझ्झा नावाच्या पदार्थावर एवढा जीव का, याचेही एक उत्तर मला यातच दिसते. टाको बेलने तो 2020 मध्ये बंद केला, तेव्हा एका भारतीय वंशाच्या ग्राहकाने सुरू केलेल्या ऑनलाइन अर्जावर दीड लाखांहून अधिक सह्या झाल्या, आणि 2022 मध्ये तो परत आला.

तिसरे कारण सर्वांत मोठे आहे, आणि ते म्हणजे मका. मेक्सिकन लोक तोर्तियेच्या मक्याच्या लगद्याला ‘मासा’ म्हणतात. शाकाहारी वाचकांनी दचकू नये, त्यात माशाचा संबंध नाही. सुका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन त्याची साले चोळून काढतात आणि मग ओलाच वाटतात. चुना पानाला लावतो तोच, फक्त खाण्यायोग्य प्रतीचा, आणि त्याचे प्रमाण मक्याच्या वजनाच्या साधारण 1 टक्का. अशा मक्याला निश्तमाल म्हणतात, आणि ही क्रिया फार प्राचीन आहे. चुन्यामुळे साल सुटते, दाण्यातले नियासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते आणि पिठाला चिकटपणा येतो. मका युरोपात गेला तेव्हा ही रीत मागेच राहिली, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा हा रोग पसरला. आपल्या वाण्याकडचे साधे मक्याचे पीठ आणून तोर्तिया करायला जाल तर ती तव्यावर टाकण्याआधीच तुटते, तेही याचमुळे.

आमच्या खानावळीत मासा मळण्याचे काम ज्या आजींकडे होते त्यांनी मला वर्षभर त्याला हात लावू दिला नाही. त्या लगद्याचा लिंबाएवढा गोळा अंगठ्याने दाबायच्या. कडेला भेगा पडल्या तर पाण्याचा हबका मारायच्या आणि बोटाला चिकटला तर थोडा वेळ उघडा ठेवायच्या. भाकरी थापणाऱ्या बाईला हे सांगावे लागणार नाही. दाबयंत्रात दाबलेली चकती तापलेल्या कोमालवर, म्हणजे तव्यावर, पडली की पहिली बाजू 20 सेकंद, मग उलटून जवळपास मिनिटभर, आणि पुन्हा उलटल्यावर बोटांच्या टोकांनी हलकेच टिचकी मारायची. ती फुलक्यासारखी टम्म फुगली तर मासा जमला. न फुगलेल्या तोर्तिया आजी बाजूला ठेवत, आणि दुपारी त्यांचे तुकडे तळणीत जात.

मी एकदा आजी सुटीवर असताना फुशारकीने 10 किलो मका भिजवला आणि अंदाजाने चुना टाकला. सकाळी दाणे पिवळेजर्द झाले होते आणि तोर्तियेला साबणासारखा तुरट-कडवट वास येत होता. चार-चारदा धुऊनही तो गेला नाही, आणि सगळा मका फेकून द्यावा लागला. आजी परतल्यावर मला काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी नुसता तराजू आणून चुन्याच्या डब्याशेजारी ठेवला.

आपल्याला जी चव कच्ची वाटली, ती बहुधा या चुन्यातल्या मक्याचीच असावी. तिला ओल्या मातीसारखा, उकडलेल्या कणसासारखा वास असतो, आणि तळलेल्या कवचात तो तेल-मिठाखाली दबून जातो, म्हणून साखळीत आपल्याला तो कधी भेटलाच नाही. ज्याने पहिल्यांदा नाचणीची भाकरी खाल्ली त्यालाही ती चवदार वाटत नाही. मला स्वतःला मासा आवडायला महिना-दीड महिना लागला, आणि तोही रोज खाऊन.

शाकाहारी म्हणून आपली आणखी एक फसगत झाली. अनेक टाकेरियांत ‘भाज्यांचा टाको’ हा फलकावर नाइलाजाने लिहिलेला असतो. तव्यावर परतलेली झुकिनी आणि ढोबळी मिरची भरून तो गिऱ्हाइकाच्या हाती देतात, आणि स्वयंपाक्याचा त्यात जीव नसतो. मेक्सिकोचे जे मूळचेच बिनमांसाचे पदार्थ आहेत ते मागवा. साखळीतून बाहेर पडताना पहिली पायरी म्हणून मी टाको दोरादो दे पापा सुचवतो. आपल्या बटाट्याच्या भाजीसारखे सारण मक्याच्या तोर्तियेत घालून तो तळतात, वर पातळ साल्सा आणि कुस्करलेले ताजे चीज. कुरकुरीतपणा आपल्या ओळखीचा, मका नवा. मग राहास, म्हणजे भाजून सोललेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या सायीत शिजवलेल्या. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे चीज घालून दुमडून भाजलेली तोर्तिया, मिळाली तर सोडू नका. आपण त्या फुलांची भजी करतो, ते लोक चीजमध्ये घालतात. धाडस असेल तर वित्लाकोचे. ही कणसावर वाढणारी काळी बुरशी, आपल्या शेतकऱ्याच्या काणीची सख्खी बहीण. ज्यामुळे आपल्याकडे कणीस उपटून फेकतात, त्याला तिथे जास्त भाव मिळतो. सकाळी गेलात तर चिलाकिलेस घ्या. कालच्या तोर्तियेचे तळलेले तुकडे गरम साल्सात घोळवून देतात. फोडणीची पोळी ज्याला आवडते त्याला हा पदार्थ परका वाटणार नाही.

साल्सा निवडताना हिरवीपासून सुरुवात करा. ती तोमातियोची असते. हे रसभरीच्या कुळातले, कागदी वेष्टनातले आंबट हिरवे फळ. चांगल्या ठिकाणी ते विस्तवावर करपवून वाटतात आणि त्याला वांग्याच्या भरतासारखा धुरकट वास येतो.

अडचण चरबीची आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. घोटून परतलेला घेवडा परंपरेने डुकराच्या चरबीत परततात, तामाले या वाफवलेल्या मक्याच्या पदार्थाच्या पिठातही ती असते आणि तांबड्या भातात बऱ्याचदा कोंबडीचे पाणी किंवा त्याची पूड असते. इथे साखळीचे पारडे जड आहे. टाको बेलचा घेवडा चरबीविना असतो, आणि त्यांच्या काही पदार्थांना 2015 पासून अमेरिकन व्हेजिटेरियन असोसिएशनचे प्रमाणपत्र आहे. चिपोत्लेनेही पूर्वी पिंटो घेवड्यात घातले जाणारे डुकराचे मांस 2013 मध्ये काढून टाकले. आपले पथ्य कडक असेल, तर साखळीतला घेवड्याचा बरितो हा केवळ आवडीचा नव्हे, तर शहाणपणाचाही पर्याय आहे. टाकेरियात नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण त्यात चरबी आणि कोंबडीचे पाणी धरले जात नाही. स्पॅनिशमध्ये ‘येवा मान्तेका?’ म्हणजे ‘यात चरबी आहे का?’ आणि भाताविषयी ‘येवा काल्दो दे पोयो?’ म्हणजे ‘यात कोंबडीचे पाणी आहे का?’ असे सरळ विचारावे. गल्ल्यावरचा मुलगा खांदे उडवील. त्याला आत जाऊन विचारून यायला सांगावे, कारण उत्तर आतल्या बाईलाच माहीत असते.

घरी करायचे असेल तर पुड्यावर ‘मासा हरीना’ लिहिलेले, म्हणजे चुन्यात शिजवलेल्या मक्याचे, पीठच घ्या. पिंटो घेवडा मिळाला नाही, तर कोरेगावचा वाघ्या घेवडा मला तरी अगदी जवळचा वाटला. रात्रभर भिजवून मऊ शिजवा, तेलात कांदा तांबूस परता, त्यात घेवडा त्याच्या पाण्यासकट घोटा आणि जिरे पहिल्या खेपेला मुद्दाम टाळा. त्याची चव जिऱ्याविना कळली, की मग आपल्याला हवे तेवढे घाला.

येत्या शनिवारी सहकाऱ्याला घेऊन पुन्हा जा, पण दुपारच्या गर्दीच्या वेळी, तोर्तिया तव्यावरून ताटलीत येत असतात तेव्हा. दारात ‘एचास अ मानो’, म्हणजे हाताने केलेल्या, अशी पाटी दिसते का ते पाहा. सारण येण्याआधी एक नुसती तोर्तिया मागा, तिला मीठ लावा, गुंडाळी करा आणि ती गरम असतानाच खा. ती आवडली तर पुढचे सगळे हळूहळू आवडेल. नाही आवडली तर टाको दोरादो मागवा, साल्सा मनसोक्त घाला, आणि परतीच्या वाटेवर क्रंचरॅप घेतलात तर सहकाऱ्यापासून लपवू नका. त्याच्या गावात तो चालला नाही. आपल्या गावातले ‘व्हेज कोल्हापुरी’ त्याला एकदा खाऊ घाला, म्हणजे फिटंफाट होईल.